डाव्या कुशीवर

आमच्या एक्स-रे विभागाच्या यादीत नाव होतं: बे यंगनान, वय एकाहत्तर, जठर पूर्ण काढलेलं, आज सहावा दिवस, पिण्याची तपासणी. ते वाचून माझ्या डोक्यात काहीच पेटलं नाही, कारण आम्ही पोरांनी बाईंना नावाने कधी ओळखलंच नव्हतं. गुर्योंगपो या मासेमारांच्या गावातल्या शाळेत त्या नुसत्या बाई होत्या. तिसरी आणि चौथी अशी दोन वर्षं मी त्यांच्या वर्गात काढली, त्याला आता बत्तीस वर्षं झाली.

वॉर्डातल्या माणसाने चाकाची खुर्ची आणून माझ्या खोलीत उभी केली आणि तो निघून गेला. मी पाठमोरा उभा राहून औषध कालवत होतो.

"दार लावून घे. गारठा आत येतोय."

माझा हात दाराकडे गेला तेव्हा आवाज कुणाचा हे मला अजून कळलं नव्हतं. दार लावून वळलो आणि बघतच राहिलो. केवढ्या होत्या बाई, आणि आता खुर्चीत नुसता सदरा ठेवल्यासारख्या दिसत होत्या. पण डोळे तेच. शेवटच्या बाकावरच्या पोराच्या खिशात काय आहे ते फळ्याजवळून ओळखणारे.

"प्यो इनसू," त्या म्हणाल्या. "होय ना? कान तसेच आहेत, बाकी सगळं वाढलंय."

"बाई! तुम्ही इथे…"

"मी कशाला येईन हौसेने? तूच इथे कसा? तू तर बापासारखा स्क्विड पकडायच्या बोटीवर जाणार होतास."

"मला बोट लागते, बाई."

"मासेमाराच्या पोराला बोट लागते! बापाला सांगितलंस की नाही अजून?"

हसायला गेल्या आणि पोट धरून थांबल्या. मीही हसलो. त्या क्षणी मी फार खूश होतो, हे कबूल करायला हवं. माझ्या कामाच्या जागी, माझ्या यंत्राजवळ बाई मला बघत होत्या. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला अशा गोष्टीचा आनंद होतो हे हास्यास्पद आहे, पण होतो.

काम तसं सोपं असतं. कॅन्सरमुळे जठर काढलं की सर्जन अन्ननलिका थेट आतड्याला जोडतो. तो जोड नीट धरलाय की कुठे पाझरतोय, हे बघायला रुग्णाला एक कडू औषध घोटघोट पाजायचं आणि ते खाली उतरताना हलत्या एक्स-रेवर बघायचं. गळती असेल तर औषध जोडाबाहेर सांडतं आणि पडद्यावर ओघळ दिसतो. चित्रं चार बाजूंनी घ्यायची: उताणं, उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर, पालथं. मडक्याला मागून तडा असेल तर समोरून बघून कळत नाही, तसंच हे. पहिल्या आठवड्यात शिकवतात.

तपासणीच्या वेळी रेडिओलॉजिस्टने काचेमागे हजर असायचं असतं. त्या दिवशी डॉक्टर मिन यांना अपघात विभागात सोनोग्राफीला बोलावलं. जाता जाता म्हणाल्या, "प्यो सर, तुम्ही नेहमीसारखं करून घ्या. मी चित्रं बघते." बारा वर्षं मी हे करतोय, त्यांना येऊन दोन झालीत. त्यांचा विश्वास चुकीचा नव्हता.

मी बाईंना टेबलावर घेतलं आणि दोन्ही हातांनी पेला पुढे केला. त्यांनी एक घोट घेतला.

"हे काय, भांडी विसळलेलं पाणी?"

"त्याहून वाईट आहे, बाई. अजून एक घोट."

उताणं चित्र स्वच्छ आलं. औषध बारीक धारेने जोडातून खाली उतरलं. मग मी म्हणालो, "आता डाव्या कुशीवर वळायचंय." कुशीत रबराची नळी, पोटावर वीतभर टाके. वळवायला हात लावला तसा पाठीकडचा गाऊन सुटला. बाईंची पाठ दिसली. सगळे मणके मोजता येत होते. त्यांनी घाईघाईने गाऊन मुठीत धरला, तोंडातून एक बारीक आवाज निघाला आणि डोळ्यांतून पाणी आलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. मी नजर खाली केली.

"पुरे, इनसू," त्या म्हणाल्या.

आणि मी थांबलो. दुसरं कुणी असतं तर मी म्हणालो असतो, आजी, दोन मिनिटं कळ काढा, नाहीतर पुन्हा यावं लागेल. रोज म्हणतो. ओरडतात, शिव्या देतात, मी वळवतो. पण बाई पुरे म्हणाल्या की पुरे, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं होतं की विचार करायला वेळच मिळाला नाही. मी त्यांना पाठीवर नीट टेकवलं, गाऊन सारखा केला आणि उताणीच आणखी दोन चित्रं घेतली. टेबल जरासं तिरकं करून घेतली, म्हणजे काहीतरी वेगळं केल्यासारखं वाटावं.

बाजू राहिल्या तर तसं लिहायचं असतं. त्यासाठी आमच्या संगणकात एक ठरलेलं वाक्य आहे: "रुग्णाने सहकार्य केले नाही." मी ते उघडलं. बाईंच्या नावापुढे ते लिहायचं माझ्या जिवावर आलं. आमच्या प्रगतिपुस्तकांवर ज्या बाईंनी शेरे लिहिले, त्यांना मी असला शेरा देऊ? मी ते बंद केलं. दुसऱ्या शब्दांत लिहिता आलं असतं, हे आता सुचतं.

दहा मिनिटांनी डॉक्टर मिन यांचा फोन आला. मागे कुणीतरी ओरडत होतं. "प्यो सर, झालं? सगळं नेहमीसारखं?"

"नेहमीसारखं," मी म्हणालो.

संध्याकाळी अहवाल गेला: गळती नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंना पाणी सुरू झालं, तिसऱ्या दिवशी भाताची पेज. तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी वर भेटायला गेलो. सहा खाटांची खोली. बाई उशीला टेकून प्लास्टिकच्या नळीत फुंकत होत्या, फुप्फुसाच्या व्यायामाचं तीन चेंडू वर उचलायचं ते खेळणं. त्यांची मुलगी हेरान इंचॉनहून आली होती. ती त्यांच्या डाव्या खांद्यावर दुखणं थांबवायची पट्टी चिकटवत होती.

"काय झालं खांद्याला?"

"काही नाही रे, वेडीवाकडी झोपले असेन," बाई म्हणाल्या. गाल लाल झाले होते. मला वाटलं, खोलीत उकडतंय.

"ताप आहे साडेअडतीस," हेरान म्हणाली. "सर्जन ग्वाक सर म्हणाले, एक्स-रेमध्ये जोड चांगला आहे, तेव्हा ताप फुप्फुसाचा असणार. भरपूर चाला, भरपूर फुंका."

शेजारच्या खाटेवर जुक्दो बाजारात ऑक्टोपस विकणारी एक मावशी होती. तिचं अर्धं जठर काढलं होतं, आवाज मात्र पूर्ण शाबूत. "चाला, फुंका, पादा!" ती म्हणाली. "या डॉक्टरांना एवढं तीनच येतं. मी कालच पादले, आज मला सुट्टीची तारीख दिली. मास्तरीणबाई अजून लाजतायत."

सगळी खोली हसली. मी हसलो नाही. डावा खांदा. जोड फुटला की आतला रस डाव्या बाजूला श्वासाच्या पडद्याखाली साचतो, आणि दुखतो मात्र खांदा. हे मला माहीत होतं. खोलीत आणखी कुणाला माहीत नव्हतं. आणि ज्यांना माहीत होतं, त्यांच्या हातात माझा स्वच्छ एक्स-रे होता. त्या एक्स-रेवर विसंबून सगळे भलतीकडेच शोधत होते, आणि बाई सांगितल्याबरहुकूम फुंकत होत्या. दहा वेळा फुंका म्हटलं की त्या दहाच वेळा फुंकणार, अकरावा नाही, नववा नाही.

मी खाली आलो. डॉक्टर मिन यांची खोली माझ्या खोलीपासून बावीस पावलांवर आहे. मी गेलो नाही. लागोपाठ छातीचे एक्स-रे काढले, एका पोराच्या मोडलेल्या हाताचा काढला. मनात एकेक सबब रचत होतो. खांदा खरंच अवघडला असेल. न्यूमोनिया असेल. सगळ्यांनाच काही गळती होत नाही. खरं एवढंच की मी भ्यालो होतो. नोकरीला भ्यालो, आणि त्याहून जास्त, बाईंना कळेल याला भ्यालो.

चार वाजता वॉर्डातून मागणी आली: बे यंगनान, खाटेवरच छातीचा एक्स-रे, ताप एकोणचाळीस. मी फिरतं यंत्र घेऊन गेलो. मला बघून बाईंचे नुसते ओठ हलले. नाडी धावत होती, गळ्यावर दिसत होती. चित्र आलं. डाव्या फुप्फुसाच्या तळाशी पाणी.

मग ती बावीस पावलं मी धावत गेलो.

"डॉक्टर, बे यंगनान यांच्या तपासणीत मी फक्त उताणी चित्रं घेतली. कुशीवर वळवलंच नाही. तुम्हाला खोटं सांगितलं."

डॉक्टर मिन यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग पडद्यावर ती तीन चित्रं काढली. बोट ठेवून एकेक मोजलं.

"का?"

"माझ्या शाळेतल्या बाई आहेत त्या. पुरे म्हणाल्या."

"पुरे म्हणाल्या!" त्यांनी टेबलावर हात आपटला. "त्या काय तुम्हाला पाढे म्हणायला लावत होत्या का? प्यो सर, रोज शंभर माणसं तुम्हाला पुरे म्हणतात!" मग आवाज खाली आला. "आणि मी तीन चित्रं बघितली आणि मोजली नाहीत. मी पण गाढवच." असं म्हणत त्यांनी फोन उचलला आणि ग्वाक सरांना सगळं सांगितलं, माझं आणि स्वतःचंही. पलीकडचं उत्तर मला लांबूनही ऐकू आलं, "सीटी करा. औषध पाजून. आत्ता."

सीटीच्या टेबलावर बाई थरथरत होत्या. मी पेला ओठांना लावला. त्यांनी मान फिरवली.

"नको, इनसू."

"प्यायलाच हवं, बाई."

"नको रे…"

"तोंड उघडा."

असं मी बाईंना म्हणालो. त्यांनी तोंड उघडलं, प्यायल्या, अर्धं अंगावर सांडलं. मी काचेमागे गेलो. एकेक काप पडद्यावर येत गेला आणि जोडाच्या डाव्या अंगाला, मागे, पांढरा ओघळ आला, शेजारी हवेचे बुडबुडे. डाव्या कुशीवर वळवलं असतं तर दोन दिवसांपूर्वीच दिसला असता. पाण्याचा पहिला घोटही त्यांना कुणी दिला नसता.

त्याच संध्याकाळी बरगड्यांमधून नळी घालून पू काढला. नाकातून दुसरी नळी जोडाच्या पलीकडे नेऊन ठेवली, तिच्यातून अन्न. तोंडाने थेंबही नाही. आठ दिवस अतिदक्षता विभागात होत्या, त्यातले दोन दिवस कुणी काही सांगू शकत नव्हतं. मग वर, त्याच खोलीत.

डॉक्टर मिन यांनी मला बसवून चूक कळवण्याचा अर्ज भरून घेतला आणि खाली स्वतःची सही केली. तो इस्पितळातल्या इस्पितळात फिरला. मला लेखी ताकीद मिळाली, तीन महिने पिण्याच्या तपासणीला कुणी डॉक्टर हजर असल्याशिवाय हात लावायचा नाही असं ठरलं. कुटुंबाला मात्र ग्वाक सरांनी वेगळं सांगितलं: शंभरात दोनचार जणांना अशी गळती होतेच, आमच्या टेक्निशियनने एक्स-रे काढताना ओळखलं म्हणून वेळेत सापडली. शब्द एकही खोटा नव्हता. म्हणूनच ते इतकं घाणेरडं होतं.

पुढच्या आठवड्यात हेरान आमच्या विभागात आली. हातात तांदळाच्या वड्यांचा मोठा डबा, अजून कोमट. सगळ्यांसमोर ती माझ्यापुढे कमरेत वाकली.

"आई म्हणाली, माझ्या विद्यार्थ्याला नेऊन दे. त्याच्यामुळे मी वाचले म्हणाली."

विभागातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर मिन तेवढ्या उठून बाहेर गेल्या. एक वडी मला खावी लागली, ती घशाशी तशीच बसली. बोलायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "बाईंना काळजी घ्यायला सांगा."

त्यानंतर मी वर गेलो नाही. पाच आठवडे. त्यांचे एक्स-रे असले की दुसऱ्याला पाठवायचो. जिन्यात हेरान दिसली तर दुसऱ्या जिन्याने जायचो. विचारपूस मात्र रोज करायचो, वॉर्डातल्या नर्सला फोन करून. वजन एकोणचाळीस किलो. ताप नाही. मग एक दिवस तिनेच सांगितलं की केमोथेरपी ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू करायची होती, ती मुदत टळली. अजून पंधरा दिवस तरी अंगात ताकद येणार नाही.

"त्याने काय होईल?" मी विचारलं.

"ग्वाक सर नुसते खिडकीबाहेर बघत होते," ती म्हणाली.

ऑपरेशननंतरच्या आठव्या आठवड्यात जोड भरला का हे बघायला पुन्हा पिण्याची तपासणी लागली. डॉक्टर मिन काचेमागे येऊन बसल्या. मला म्हणाल्या, "दुसऱ्याला बोलवू?" मी नको म्हणालो. आता आणखी पळालो असतो तर मला स्वतःचं तोंड बघवलं नसतं.

बाई आल्या. मी त्यांना उचलून टेबलावर ठेवलं, उचलायला काही राहिलंच नव्हतं. पेला हातात घेतला आणि तसाच उभा राहिलो.

"बाई, आधी एक सांगायचंय. पहिल्या वेळी मी तुम्हाला कुशीवर वळवलं नाही. वळवायला हवं होतं. चित्रं अपुरी होती आणि मी पूर्ण आहेत म्हणून सांगितलं. तुम्ही वाचलात ते माझ्यामुळे नाही. हे सगळं झालं ते माझ्यामुळे."

बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, रडतील. त्या रडल्या नाहीत.

"माहीत आहे मला."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ती ऑक्टोपसवाली, सुट्टी झाली तरी मला बघायला आली होती. तिची तपासणी दुसऱ्या कुणी केली होती. म्हणाली, मेल्याने मला चारही बाजूंनी उलटीपालटी केली, मी किंचाळले तरी सोडलं नाही. मग मी मोजलं. मला एकच बाजू होती. अतिदक्षतेतून वर आले त्याच दिवशीची गोष्ट."

माझ्या डोक्यात हिशेब लागायला वेळ लागला. "मग… हेरान वड्या घेऊन आली होती…"

"मीच पाठवली. वड्याही मीच कुठल्या दुकानातून आणायच्या ते सांगितलं. मनात म्हटलं, कोमट वडी घशाखाली उतरायची नाही त्याच्या, वर येऊन सांगेल. चौथीत तू वर्गातल्या कुंडीचा काठ फोडला होतास, तर मधली सुट्टी संपायच्या आत माझ्यापुढे येऊन उभा राहिला होतास." त्यांनी श्वास घेतला. "रोज दाराकडे बघायचे. पाच आठवडे."

मी पेला बाजूच्या कट्ट्यावर ठेवला.

"पुरे म्हणाले ती माझी चूक," बाई म्हणाल्या. "पाठ उघडी पडली म्हणून लाज वाटली मला, एकाहत्तराव्या वर्षी. ती चूक मी माझ्याकडे घेते. पण नंतरचे दिवस तुझे होते, इनसू. आणि गेले ते माझे. केमोचं औषध लांबलं. त्याने किती फरक पडणार ते डॉक्टरांना सांगता येत नाही, म्हणजे मलाही कधी कळणार नाही. आणि तुलाही नाही."

"मला माफ…"

"ते आत्ता मागू नकोस. मला आत्ता देता येणार नाही. आण तो पेला."

दोन घोट प्यायल्या. उताणं चित्र घेतलं, स्वच्छ. मग मी काही म्हणायच्या आत त्यांनी टेबलाची कड धरली आणि डाव्या कुशीवर वळायला लागल्या. अर्ध्यावर अडकल्या. मी पाठीखाली हात घातला. गाऊन सुटला, तो त्यांनी धरला नाही. वळवताना त्या मोठ्याने कण्हल्या, तोंडाखालचं कापड ओलं झालं. माझ्याही डोळ्यांपुढे धूसर झालं होतं. मी त्यांना पूर्ण वळवलं, तिसरा घोट दिला आणि पायाखालचं बटण दाबलं. औषध जोडापाशी आलं, क्षणभर थांबलं आणि सरळ खाली उतरलं. बाहेर थेंब नाही. काचेमागून डॉक्टर मिन यांनी मान हलवली.

"गळती दिसत नाही, बाई," मी म्हणालो.

भिंतीकडे तोंड करून पडलेल्या बाई धापा टाकत होत्या. जरा वेळाने त्यांनी हात मागे केला, मला धरता यावा म्हणून.

"अजून दोन बाजू राहिल्यात," त्या म्हणाल्या.